इंग्रजी ‘टूथ’ : अर्थ, वाक्प्रचार आणि वडोदऱ्यातील मराठी घरांतून येणारे प्रश्न

वडोदऱ्यातील अनेक मराठी मुले घरी मराठी, बाजारात गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. दातांवरचे वाक्प्रचार या तिन्ही भाषांत विपुल आहेत आणि ते वरवर सारखे दिसत असल्यामुळेच त्यांचा गोंधळ अधिक होतो. विद्यार्थी, पालक आणि भाषांतराचे काम करणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

‘टूथ’ आणि ‘दात’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, हे खरे आहे का?

होय. संस्कृत ‘दन्त’, लॅटिन ‘देन्स’ आणि इंग्रजी ‘टूथ’ हे तिन्ही एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत. आज ते कानाला परके वाटतात, कारण इंग्रजीच्या पूर्वज भाषेत दोन बदल नियमाने घडले. पहिला बदल म्हणजे आरंभीच्या ‘द’चा ‘ट’ झाला. ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वि’ आणि ‘टू’ या जोड्यांतही तोच बदल दिसतो. दुसरा बदल असा की, ‘थ’ आणि ‘स’ यांसारख्या घर्षक ध्वनींच्या आधी येणारा ‘न’ गळून गेला आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ झाला. आपल्या ‘हंस’ शब्दाचा सगोत्र असलेला इंग्रजी ‘गूस’ याच वाटेने गेला. जर्मनमध्ये मात्र ‘गान्स’ आणि ‘त्सान’ या रूपांत तो ‘न’ अजून टिकून आहे. ‘डेंटिस्ट’ हा शब्द इंग्रजीने पुष्कळ नंतर फ्रेंचमार्गे लॅटिनच्या कुळातून घेतला, म्हणून त्यात ‘दन्त’ जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येतो.

मुलांना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते, कारण शब्दांचे नाते समजले की परकी भाषा पाठांतराचा विषय राहत नाही. मात्र शब्द सगोत्र असले तरी त्यांच्यावर उभे राहिलेले वाक्प्रचार सगोत्र असतातच असे नाही, हे त्याच वेळी सांगणे गरजेचे आहे. पुढील बहुतेक उत्तरे त्याविषयीच आहेत.

अनेकवचन ‘टीथ’ होते, तर मग ‘टीथब्रश’ का म्हणत नाहीत?

‘फूट–फीट’ आणि ‘गूस–गीस’ यांच्याप्रमाणेच येथेही जुन्या अनेकवचनी प्रत्ययातील ‘इ’ ध्वनीमुळे आतला स्वर बदलला आणि पुढे तो प्रत्यय नाहीसा झाला. इंग्रजी सामासिक शब्दांत पहिले नाम सहसा एकवचनी ठेवतात, म्हणून टूथब्रश, टूथपेस्ट, टूथपिक. ‘टीदिंग’ हा शब्द अनेकवचनाचा नसून ‘टीद’ या क्रियापदाचा आहे. बाळाला दात येणे हा त्याचा अर्थ आहे आणि त्यात शेवटचा ध्वनी ‘थ’कडून ‘द’कडे झुकतो.

फँग, टस्क आणि मोलर यांना ‘टूथ’ म्हटले तर चालते का?

चालते, पण नेमकेपणा जातो. ‘फँग’ म्हणजे विषारी सापाचा विषदंत किंवा लांडग्यासारख्या श्वापदाचा सुळा. हा शब्द मुळात ‘पकडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून दाताचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘टस्क’ म्हणजे तोंडाबाहेर आलेला लांब दात. हत्तीचे टस्क हे त्याचे वरचे पटाशीचे दात असतात, तर रानडुकराचे टस्क हे सुळे असतात, हा फरक विज्ञानाच्या पुस्तकाचे भाषांतर करताना महत्त्वाचा ठरतो. ‘मोलर’ म्हणजे दाढ, आणि त्या नावामागे लॅटिनमधील जात्याच्या दगडाचा शब्द आहे. सुळ्याला ‘केनाइन’ म्हणतात, तो लॅटिनमधील कुत्र्याच्या शब्दावरून. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी अधिक काटेकोर आहे : करवतीला आणि फणीला आपण ‘दाते’ म्हणतो, इंग्रजीत मात्र तेही ‘टीथ’च असतात.

‘लाँग इन द टूथ’ म्हणजे काय? तो अपमान आहे का?

अर्थ आहे ‘वय झालेला’. तो आला आहे घोड्यांच्या बाजारातून. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत राहतात आणि झिजलेल्या भागाची भरपाई करण्यासाठी हिरडीतून हळूहळू वर सरकत राहतात. शिवाय वय वाढते तसे समोरचे दात अधिक तिरके होऊन पुढे झुकतात, त्यामुळे म्हाताऱ्या घोड्याचे दात लांब दिसतात. घोड्याच्या समोरच्या दातांच्या कायमच्या जोड्या साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात, आणि वरच्या जबड्यातील कडेच्या पटाशीवर दहाव्या वर्षाच्या आसपास एक उभी खाच दिसू लागून ती विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या टोकापर्यंत पोहोचते. विकत घेणारा घोड्याचा जबडा उघडून पाहतो, तो यासाठी.

मराठी शेतकऱ्याला हे नवीन नाही. बैलबाजारात वय वर्षांत विचारत नाहीत, दातांत विचारतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात पुरे झाले की बैल ‘जुळला’. बैलाला समोरचे वरचे दात नसतातच, हे आठही दात खालच्या जबड्याचे असतात. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींत ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ असे गट याच मोजणीवर पडतात. ही मोजणी ज्याच्या घरात होती, त्याला ‘लाँग इन द टूथ’ एका वाक्यात समजतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून शहरात वाढलेल्या मुलांना समजावताना कोशातील व्याख्येपेक्षा आजोबांची बैलजोडी अधिक उपयोगी पडते.

आता अपमानाविषयी. दुसऱ्याच्या तोंडावर हा वाक्प्रचार वापरणे असभ्यच आहे. स्वतःविषयी बोलताना, किंवा जुन्या झालेल्या यंत्राविषयी वा प्रणालीविषयी लिहिताना तो चालतो. मराठीत ज्येष्ठ माणसाविषयी लिहायचे असेल तर ‘वयस्क’ किंवा ‘उतारवयाचे’ असे साधे शब्द घ्यावेत. ‘लांब दातांचा’ असे भाषांतर करणे म्हणजे वाचकाला भलत्याच चित्राकडे नेणे होय.

‘नेव्हर लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ याला मराठीत काय म्हणावे?

येथे मात्र आपली स्वतःची म्हण तयार आहे : ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ गुजरातीतही ‘धरमनी गायना दांत न जोवाय’ असेच म्हणतात. इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये ही घोड्याची म्हण लोकांत रूढ असलेली म्हण म्हणूनच दिली आहे, म्हणजे ती तेव्हाही जुनी होती. घोडा आणि गाय एवढाच काय तो फरक. ज्या समाजात जे जनावर दान दिले जाई, त्याचे दात म्हणीत आले.

‘अ लॉ विथ टीथ’ किंवा ‘टूथलेस’ यांचे भाषांतर कसे करावे?

वर्तमानपत्रांतून सर्वाधिक भेटणारा प्रयोग हाच आहे. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा करण्याची किंवा त्याच्यावर सक्ती करण्याची तरतूद असेल तर कायद्याला ‘टीथ’ आहेत असे म्हणतात. अशी तरतूद नसलेला कायदा किंवा आयोग ‘टूथलेस’ ठरतो.

याचे उदाहरण वडोदऱ्याला बाहेर शोधावे लागत नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संपूर्ण बडोदे संस्थानात लागू केली. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड करण्याची सोय त्या व्यवस्थेत होती. इंग्रजीत सांगायचे तर त्या कायद्याला टीथ होते. हेच मराठीत सांगताना ‘त्या कायद्याला दात होते’ असे लिहिण्याची गरज नाही. ‘त्या कायद्यात दंडाची तरतूद होती’, ‘त्या कायद्याचा धाक होता’ किंवा ‘तो कायदा केवळ कागदावरचा नव्हता’ असे लिहावे.

‘दात नसलेला वाघ’ हा प्रयोग आता मराठी अग्रलेखांत रूढ होत आहे, याची मला कल्पना आहे. समजायला तो अवघड नाही, आणि काही वर्षांनी तो आपलाच वाटू लागेल, हेही शक्य आहे. तरीही जिथे ‘विषदंत काढलेला नाग’ ही प्रतिमा आपल्याकडे आधीपासून आहे, तिथे ती टाकून दुसरी उसनी घेण्याचे कारण मला दिसत नाही. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती आणि अन्य भारतीय भाषांत प्रतिशब्द देणारा मोठा कोश याच बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केला होता. संकल्पना ओळखून मग शब्द शोधण्याची ती शिस्त या शहराने सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

‘स्वीट टूथ’ म्हणजे गोड दात का?

नाही. जुन्या इंग्रजीत ‘टूथ’ हा शब्द चव किंवा आवड या अर्थानेही येत असे, म्हणून ‘स्वीट टूथ’ म्हणजे गोडाची आवड. ‘टूथसम’ म्हणजे चविष्ट, तेही याच अर्थाने. मराठीत ‘गोडघाशा’ हा नेमका शब्द आहे, किंवा ‘त्याला गोड फार आवडते’ असे सरळ म्हणावे. वडोदऱ्यात वरणातही गूळ पडतो, त्यामुळे हा शब्द शिकवायला उदाहरणे कमी पडत नाहीत. व्याकरणाची एक बाब : इंग्रजीत ‘ही हॅज अ स्वीट टूथ’ असे एकवचनीच लिहितात, ‘स्वीट टीथ’ नव्हे.

‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ : दातांना कातडी असते का?

नसते, आणि अर्थ नेमका त्यातच आहे. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात, ईयोब आपण दातांच्या कातडीनिशी बचावलो असे म्हणतो. १५६० च्या जिनिव्हा बायबलने हे हिब्रू शब्द इंग्रजीत तसेच उतरवले. जी कातडी नाहीच, तेवढ्याच अंतराने सुटणे म्हणजे अगदी थोडक्यात सुटणे. मराठीत परीक्षेविषयी बोलताना ‘काठावर उत्तीर्ण झाला’, अपघाताविषयी ‘थोडक्यात बचावला’ आणि गाडी पकडण्याविषयी ‘अगदी शेवटच्या क्षणी गाठली’ असे वेगवेगळे म्हणावे लागेल. एका इंग्रजी वाक्प्रचाराला प्रसंगागणिक वेगळा मराठी पर्याय लागणे, ही भाषांतरातील उणीव मानू नये.

‘सेट वन्स टीथ ऑन एज’ म्हणजेच ‘दात आंबणे’ आणि गुजरातीतील ‘दांत खाटा करवा’ का?

चित्र एकच, अर्थ मात्र तीन, आणि वडोदऱ्यातील मराठी लिहिणाऱ्याची सर्वात मोठी फसगत येथेच होते.

मराठीत कच्ची कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात. हा शरीराचा साधा अनुभव आहे, लाक्षणिक अर्थ सहसा नाही. इंग्रजी वाक्प्रचाराची सुरुवातही याच अनुभवातून झाली. बायबलमध्ये यिर्मया आणि यहेज्केल या दोन्ही संदेष्ट्यांच्या पुस्तकांत अशी एक म्हण येते की, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, म्हणजे एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याने भोगले. हे दोघेही ती म्हण खोडून काढण्यासाठीच उद्धृत करतात, कारण प्रत्येकाने आपल्याच पापाचे उत्तर द्यावे असे त्यांचे सांगणे आहे. पुढे इंग्रजीत आंबटपणा मागे पडला आणि नकोशा आवाजाने किंवा कोणाच्या सवयीने अंगावर शहारे येणे, चिडचिड होणे हा अर्थ उरला. पाटीवर नख ओढल्याचा आवाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

गुजराती आणि हिंदीत मात्र दात आंबट करणे म्हणजे शत्रूला पुरते हरवणे. त्यामुळे ‘आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्यांचे दात आंबवले’ असे वाक्य वडोदऱ्यातील मुलाच्या निबंधात सहज येते, आणि पुण्याचा वाचक ते वाचून थबकतो. मराठीत पराभवासाठी ‘पाणी पाजले’, ‘धूळ चारली’ हे प्रयोग आहेत, आणि जेरीस आणण्यासाठी ‘नाकी नऊ आणले’. शेजारच्या भाषेतून शब्द येण्याला माझा विरोध नाही, आपल्या बोलीची गोडीही त्यातच आहे. पण औपचारिक लेखनात हा प्रयोग टाळावा, कारण मराठी वाचकाच्या मनात दात आंबण्याचा संबंध चिंचेशी आहे, लढाईशी नाही.

‘शो वन्स टीथ’ आणि ‘ग्रिट वन्स टीथ’ यांना मराठीत थेट पर्याय नाहीत का?

थेट पर्याय दिसतात, पण ते दिशाभूल करतात. इंग्रजीत दात दाखवणे म्हणजे आपली ताकद किंवा वैर उघड करणे, कारण चित्र गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे आहे. मराठीत दात दाखवणे किंवा विचकणे म्हणजे निर्लज्जपणे वा वेडगळपणे हसणे. इंग्रजीतील अर्थासाठी मराठीत ‘डोळे वटारणे’ किंवा ‘इंगा दाखवणे’ योग्य. गुजरातीत ‘दांत काढवा’ म्हणजे नुसते हसणे, त्यात निंदा असेलच असे नाही. मराठीत ‘दात काय काढतोस?’ हा दटावणीचा सूर आहे. मांडवीच्या रस्त्यावर कौतुकाने म्हटलेले वाक्य मराठी आजीच्या कानाला खटकते ते यामुळे.

‘ग्रिट वन्स टीथ’ म्हणजे त्रास होत असतानाही निर्धाराने तो सोसणे. ‘दातओठ खाणे’ हा त्याचा पर्याय नव्हे, कारण त्यात संताप आहे, सहनशीलता नाही. ‘कळ सोसून’, ‘मन घट्ट करून’, ‘नेटाने’ हे शब्द अधिक जवळचे आहेत.

आणखी कोणते वाक्प्रचार माहीत असावेत?

‘टूथ अँड नेल’ म्हणजे सर्व शक्तीनिशी, प्राणपणाने. ‘आर्म्ड टू द टीथ’ म्हणजे पूर्ण शस्त्रसज्ज. ‘लाय थ्रू वन्स टीथ’ म्हणजे धडधडीत खोटे बोलणे. ‘इन द टीथ ऑफ’ म्हणजे समोरून येणाऱ्या विरोधाला वा वाऱ्याला न जुमानता. ‘लाइक पुलिंग टीथ’ असे एखाद्याकडून माहिती मिळवणे फार कष्टाचे असेल तेव्हा म्हणतात. तिथे मराठीत ‘खोदून खोदून विचारावे लागले’ म्हणावे. ‘कट वन्स टीथ ऑन’ म्हणजे एखाद्या कामावर पहिले धडे गिरवणे, आणि ‘टीदिंग ट्रबल्स’ म्हणजे नव्या कामातील सुरुवातीच्या अडचणी. पक्ष्यांना दात नसतात म्हणून दुर्मिळ वस्तूला ‘हेन्स टीथ’ची उपमा देतात, आपल्याकडे उंबराचे फूल आहे.

‘आय टूथ’ आणि ‘विज्डम टूथ’ यांत फरक काय?

‘आय टूथ’ म्हणजे डोळ्याच्या रेषेत खाली असलेला वरचा सुळा. ‘मी त्यासाठी आय टीथ देईन’ म्हणजे ते मिळवण्यासाठी वाटेल ते मोल द्यायला तयार आहे. ‘विज्डम टूथ’ म्हणजे अक्कलदाढ, जी साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. गुजरातीत तिला ‘डहापणनी डाढ’ म्हणतात, म्हणजे या दाढेचा संबंध शहाणपणाशी लावण्यावर तिन्ही भाषांचे एकमत आहे.

आपल्या दातांच्या वाक्प्रचारांचे इंग्रजीत काय होते?

या विषयाला मी इंग्रजी वाक्प्रचारांइतकेच महत्त्व देतो. मराठीत दातांभोवती माणसामाणसांतले संबंध गुंफलेले आहेत. ‘दाती तृण धरणे’ म्हणजे शरण जाणे, ‘एखाद्यावर दात धरणे’ म्हणजे मनात वैर ठेवणे, ‘दात घशात घालणे’ म्हणजे बढाईखोराची फजिती करणे, ‘दातांच्या कण्या करणे’ म्हणजे विनवण्या करून थकणे, ‘दातावर मारायला पैसा नसणे’ म्हणजे कमालीचे दारिद्र्य. यांपैकी एकाचेही शब्दशः इंग्रजी करू नये. ‘दात धरणे’ यासाठी इंग्रजीत ‘बेअर अ ग्रज’ आहे, त्यात दात नाहीत आणि ते असण्याची गरजही नाही. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ या म्हणीतले दुःख, म्हणजे दुखावणाराही आपला आणि दुखावला गेलेलाही आपलाच असल्यामुळे कोणाला बोलता येऊ नये ही अवस्था, इंग्रजीत एका ठरावीक वाक्प्रचारात मावत नाही. ती पूर्ण वाक्यात उलगडून सांगावी. अशा ठिकाणी दोन ओळी जास्त गेल्या तरी चालतील, अर्थ हरवता कामा नये.

‘ब्लूटूथ’चा दाताशी काय संबंध?

संबंध नावापुरता आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कचा राजा हॅरल्ड याचे टोपणनाव ‘ब्लूटूथ’ या अर्थाचे होते. वेगवेगळी उपकरणे जोडणाऱ्या तंत्रज्ञानासाठी ते नाव १९९७ मध्ये इंटेलचे अभियंते जिम कार्डाक यांनी सुचवले, आणि त्याचे चिन्ह त्या राजाच्या नावाच्या दोन आद्याक्षरांच्या रून लिपीतील रूपांतून बनले आहे. मराठीत हा शब्द तसाच ठेवावा, ‘नीलदंत’ करू नये.

‘टूथ फेअरी’चे मराठीकरण करावे का?

इंग्रजी भाषक देशांत मूल पडलेला दुधाचा दात उशीखाली ठेवते आणि सकाळी त्याला तिथे नाणे मिळते. ते नाणे ठेवणारी परी म्हणजे टूथ फेअरी. आपल्याकडे पडलेला दात कौलांवर टाकण्याची किंवा उंदराच्या बिळाशी ठेवण्याची चाल अनेक घरांत होती. गोष्टीचे भाषांतर करताना परीच्या जागी उंदीर घालू नये, कारण मग नाण्याचा प्रसंगच निरर्थक होतो. ‘दातांची परी’ असे म्हणून चाल एका वाक्यात समजावून द्यावी, आणि आपल्या घरातली चाल मुलाला स्वतंत्रपणे सांगावी.